रविवारी चालेल, अपील ८० टक्के: मूकपटांच्या जुन्या नोंदींवरचं काम

८ जून २०२५, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या छोट्या गावांतले थिएटरमालक आपण लावलेल्या मूकपटांबद्दल धंद्याच्या साप्ताहिकांना चार-चार ओळी लिहून पाठवायचे. शिकागोच्या 'एक्झिबिटर्स हेरल्ड'मध्ये १९१६पासून त्यासाठी सदरच होतं, 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी'. न्यूयॉर्कच्या 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'मध्ये तसंच दुसरं, 'स्ट्रेट फ्रॉम द शोल्डर'. लिहिणारे समीक्षक नव्हते. संध्याकाळी खिडकीत बसून तिकिटं फाडणारे, आणि रात्री गल्ला मोजून मग लिहायला बसणारे लोक.

या नोंदी काढायच्या, तक्त्यात भरायच्या, आणि सप्टेंबरअखेर आमच्या फिल्म सोसायटीत मूकपटांची एक संध्याकाळ करायची. चित्रपट निवडायचा तो 'जगातले सर्वोत्तम' छापाच्या यादीतून नाही, या मालकांच्या शब्दावर.

साहित्य फुकट आहे. मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीनं ही साप्ताहिकं पानन्‌पान स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली आहेत, आणि 'लँटर्न' नावाच्या त्यांच्या शोधपानावर चित्रपटाचं किंवा गावाचं नाव टाकून शोधता येतं.

११ जून, बुधवार

तयार मजकूर उतरवून घेतला आणि डोकं धरलं. मूळ पानं तीन-चार रकान्यांची, आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) रकाना ओलांडून आडवं वाचत सुटतं. आयोवातल्या मालकानं सुरू केलेलं वाक्य टेक्सासमधला पुरं करतो. मधेच जाहिरातीतलं नटीचं नाव.

उपाय: पानाचं चित्र घ्यायचं, रकाने उभे कापायचे, एकेक रकाना टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला वेगळा द्यायचा. वेळ जातो, पण मजकूर सलग येतो. नोंद कुठे संपते ते ओळखायला एक खूण हाती लागली. शेवटी आडवी रेघ, मग मालकाचं नाव, थिएटर, गाव, राज्य, पुन्हा रेघ आणि प्रेक्षकवर्ग: छोटं गाव, सर्वसाधारण, वस्तीतलं, ग्रामीण. हेरल्डच्या संपादकांनी हा क्रम वर्षानुवर्षं मोडलेला नाही. शंभर वर्षांनी कुणी प्रोग्रॅम लिहून हे वेचणार, याची जणू तजवीजच.

१७ जून, मंगळवार

आज 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'कडे वळलो. इथला साचा जास्त शिस्तीचा. दोन-तीन वाक्यं चित्रपटाबद्दल, आणि त्यानंतर ठरलेली शेपटी. टोन ठीक. रविवारी चालेल. अपील ८० टक्के. प्रेक्षक शेतकरी आणि गावकरी, गाव ८०० वस्तीचं. तिकीट १०-२५ सेंट. मग नाव-गाव.

एकेक भाग बघण्यासारखा आहे.

'टोन' म्हणजे पाद्रीबाबा आणि शाळेच्या बाई समोर बसल्या असताना मालकाला घाम फुटेल का, एवढाच प्रश्न. दारू, घटस्फोट, उघडे खांदे. ८०० वस्तीच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. सोमवारी किराणा दुकानात कुणी बोललं तर ते मालकालाच ऐकावं लागणार.

'रविवार' हा त्याच्याच पुढचा. कित्येक गावांत रविवारी खेळ करायला कायद्यानंच बंदी होती. जिथे परवानगी होती तिथेही चर्च सुटल्यावर काय लावायचं याचा विचार करावा लागे. म्हणून हा रकाना स्वतंत्र. टोन ठीक आणि तरी रविवारी नाही, अशाही नोंदी आहेत. त्या बहुतेक धांगडधिंग्याच्या विनोदी चित्रपटांच्या.

आणि 'अपील' टक्क्यांत! हे टक्के मोजले कसे, याचा खुलासा कुणी करत नाही, आणि करायची गरजही कुणाला वाटलेली दिसत नाही. मालक शो सुटताना दारात उभा. कोण हसत बाहेर पडलं, कोण न बोलता गेलं, कोण मधूनच उठलं. त्यावरून आकडा. शास्त्र म्हणून याला काही अर्थ नाही. पण एकाच मालकाच्या वर्षभराच्या नोंदी लागोपाठ वाचल्या की त्याची पट्टी कळते. काही जण सढळ, त्यांना ९५च्या खाली उतरवत नाही. काही जण ७०ला खूश.

तक्त्यात अपीलचा रकाना ठेवला, पण दोन मालकांच्या आकड्यांची सरासरी काढायची नाही असं ठरवलं. तुलना करायची ती ज्याची त्याच्याशीच.

२२ जून, रविवार

तालुक्याच्या टॉकीजचा कारभार अनेक वर्षं बघितलेले काका आज घरी आले. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. त्यांना काही नोंदी मराठीत वाचून दाखवल्या. पहिल्या दोन-तीन शांतपणे ऐकल्या. मग एक अशी होती की चित्रपट चांगला आहे, लोकांना आवडला, पण आपण भाडं फार मोजलं, छोट्या गावांनी जपून घ्यावा.

काका म्हणाले, "अरे, हा पिक्चरबद्दल बोलतच नाहीये. हा वितरकाशी बोलतोय."

मी म्हटलं, पण लिहितोय तर दुसऱ्या मालकांसाठी.

"लिहितोय त्यांच्यासाठी, ऐकवतोय कंपनीला. पुढच्या वेळी त्यांचा माणूस आला की अंक पुढे करायचा. बघा, सगळीकडे हेच म्हणतायत. कमी करा. आमच्याकडे छापायला कोण होतं? आम्ही एकमेकांना ट्रंककॉल लावायचो."

मग त्यांनी विचारलं की भाडं कसं होतं, फिक्स हायर की टक्क्यावर? दोन्ही होतं. छोट्या गावांना बहुतेक चित्रपट ठरीव भाड्यानं मिळत, १०-१५ डॉलरचे उल्लेख सारखे येतात. मोठे 'स्पेशल' मात्र कंपन्या टक्केवारीवर देत, आणि तिकीट वाढवायला लावत. काकांचं पुढचं बोलणं जसंच्या तसं उतरवतो: "फिक्सवर घेतलेला पिक्चर पडला तर शिव्या पिक्चरला. टक्क्यावरचा चालला तरी शिव्या कंपनीला. तू शिव्या कुणाला आहेत ते बघ, म्हणजे सौदा कसला होता ते कळेल."

तक्त्यात नवा रकाना: 'राग कोणावर'. पर्याय: चित्रपट, कंपनी, प्रिंट, हवा, गाव. गंमत म्हणून टाकला होता, आता सगळ्यात उपयोगाचा तोच ठरतोय.

२४ जून, मंगळवार

'प्रिंट' हा पर्याय बरा ठेवला. लहान गावाला चित्रपट पोचायचा तो शहरं, मोठी गावं, मधली गावं फिरून. तोवर फिल्मवर उभ्या ओरखड्यांचा पाऊस, कडेची भोकं फाटलेली, रिळाच्या दोन्ही टोकांची फूट-फूट फिल्म गायब. कथानकात उडी आली तर पब्लिक ओरडायचं ते ऑपरेटरच्या नावानं. प्रिंट कुठल्या शहरातल्या एक्स्चेंजनं (वितरणाच्या कचेरीनं) पाठवली तेही काही जण मुद्दाम लिहितात, म्हणजे तिथून घेणाऱ्यांनी सावध व्हावं.

२९ जून, रविवार

एक प्रश्न सतावत होता. हे लोक एकमेकांची मतं वाचून चित्रपट निवडत होते म्हणावं, तर निवडायला वाव किती होता?

फारसा नव्हता. पॅरामाउंटसारख्या कंपन्या वर्षाचे चित्रपट गठ्ठ्यानं विकत. त्यातले कित्येक सौदा करताना तयारही झालेले नसत. नटाचं नाव आणि एक रंगीत चित्र पाहून सही करायची. हवे ते चार घ्यायचे तर नको असलेले वीस गळ्यात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९२१मध्ये या प्रकाराबद्दल तक्रार दाखल केली, १९२७मध्ये तो थांबवण्याचा आदेश काढला, आणि तरी तो चालूच राहिला. त्याआधी १९१७मध्ये काही मोठ्या थिएटरवाल्यांनी एकत्र येऊन फर्स्ट नॅशनल ही आपलीच वितरण संस्था काढली होती, ती याच जाचाला कंटाळून.

मग सही झाल्यावर मतं वाचून उपयोग काय? उपयोग वाराचा. शहरात लागलेला चित्रपट ८०० वस्तीच्या गावात यायला कित्येक महिने जात. तोवर हेरल्डमध्ये दहा-बारा गावांचे निकाल छापून आलेले असत. शनिवार कुणाला द्यायचा आणि मंगळवारी कुणाला गाडायचं, ते त्यावरून ठरे. शनिवारी शेतकरी गाड्या घेऊन बाजाराला येणार, बायका-पोरं बरोबर, आठवड्याची कमाई त्या एका रात्री. फारच वाईट निकाल असेल तर भाडं भरून टाकायचं आणि डबा न उघडता परत पाठवायचा. असं केल्याचे उल्लेख आहेत, आणि ते करणाऱ्याला त्याचा अभिमान वाटतो असं भाषेवरून दिसतं.

तेव्हा या सदराला परीक्षणांचा विभाग समजून वाचण्यात अर्थ नाही. गावात माल पोचायच्या आधी पोचलेली ही बाजारभावाची खबर आहे. फक्त भाव चित्रपटाचा नाही; या वाराला, या हवेला, या भाड्यात हा चित्रपट आपल्याला परवडेल का, याचा.

६ जुलै, रविवार

आषाढी. सोसायटीचं कुणी फिरकलं नाही, निवांत बसायला मिळालं.

'हवा' या पर्यायाखालच्या नोंदी एकत्र वाचल्या. पाऊस, चिखल, बर्फ, उकाडा. रस्ते मातीचे. पाऊस लागला की दहा मैलांवरचा शेतकरी येणारच नाही, चित्रपट कुणाचाही असो. सुगीत कुणाला वेळ नाही. त्यात चर्चचे प्रवचनसप्ताह, शाळेचा बास्केटबॉलचा सामना, तंबूतला शोटाक्वा (व्याख्यानं-गाण्यांचा फिरता कार्यक्रम), आणि दशकाच्या मध्यापासून रेडिओ. हे सगळं चित्रपटाच्या नावाखाली छापलेलं आहे, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटावं की चित्रपट पडला. पडला होता पाऊस.

त्याच्या खाली आणखी एक थर. १९२० सालच्या उत्तरार्धात अमेरिकेत मका आणि गव्हाचे भाव कोसळले. युद्धकाळात चढलेल्या भावांवर कर्ज काढून जमिनी घेतलेल्या शेतकऱ्यांची पुढची काही वर्षं वाईट गेली. नेब्रास्का, आयोवा, डकोटातल्या १९२१-२२च्या नोंदींमध्ये हे सतत डोकावतं. मालक लिहितो चित्रपटाबद्दल, आणि मधेच म्हणतो की लोकांकडे पैसेच नाहीत. त्यात तिकिटावरचा युद्धकर. तो १९१७पासून लागू होता, आणि ५० सेंटपर्यंतची तिकिटं त्यातून सुटली ती १९२४च्या कायद्यानं. १० सेंटच्या पोराच्या तिकिटावर एक सेंट कर कसा मागायचा, यावरही जीव तोडून लिहिलेलं आहे.

नोंदींसमोर राज्य आणि महिना होताच. आता पेरणी-काढणीचे महिने राज्यवार टाकतोय.

१३ जुलै, रविवार

आता आवडीनिवडी. हेच ऐकण्यासाठी सोसायटीतली मंडळी थांबली आहेत.

वेस्टर्न शनिवारी चालतोच. टॉम मिक्स, हूट गिब्सन, बक जोन्स, फ्रेड थॉमसन आणि त्याचा घोडा सिल्व्हर किंग. शहरातली मासिकं ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती अशा या चित्रपटांवर छोट्या गावाचा महिना निघायचा. पुढे रिनटिनटिन. वॉर्नरच्या या कुत्र्याला मालक लोक 'गहाण सोडवणारा' म्हणायचे अशी आख्यायिका आहे, आणि नोंदी वाचल्यावर ती खोटी वाटत नाही.

पेहरावपट नको. केसांचे टोप, तलवारी, राजदरबार दिसला की नोंदीचा सूर बदलतो. चित्रपट सुंदर आहे हे कबूल करून मग गल्ल्याचं रडगाणं. लांबी नको. सहा-सात रिळांत जे सांगता येतं त्याला दहा रिळं का, हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो. त्यामागे असं की लांब चित्रपटाला एका रात्रीत दोन खेळ बसत नाहीत. दुःखद शेवट नको. आणि नट मोठा पण त्याचं नेहमीचं काम चित्रपटात नाही, तर तो सगळ्यात घातक. १९२३चा चॅप्लिनचा 'अ वुमन ऑफ पॅरिस' घ्या. त्यानं स्वतः त्यात भूमिका केली नव्हती, ओझरता हमालाच्या वेषात दिसतो तेवढाच. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. लोकांनी चॅप्लिन बघायला पैसे दिले होते, तो नव्हता. गावच्या मालकानं दारावर काय सांगायचं?

जर्मनीहून आलेला 'कॅलिगरी' १९२१च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कॅपिटॉलमध्ये लागला, तो तिथल्या व्यवस्थापकानं पुढे-मागे खास प्रवेश जोडून, लोकांना जरा समजावून. ज्याच्याकडे एक पियानोवाली आणि २०० खुर्च्या आहेत त्यानं हे कुठून करायचं?

इथे मला या लोकांचं एक फार आवडलं, आणि ते कुठल्याही टक्केवारीत येणार नाही. मला आवडला की नाही, लोकांना आवडला की नाही, आणि पैसे आले की नाही, या तीन गोष्टी ते वेगवेगळ्या ठेवतात. तिन्हींची उत्तरं वेगळी आली तरी त्यांची पंचाईत होत नाही. एखादा लिहितो की स्वतःला चित्रपट फार उच्च वाटला, आलेल्यांनाही भावला, आणि आले कुणीच नाहीत. आपल्याकडे पडद्यावर लिहिणाऱ्यांना यातली एक गोष्ट बोलायची असली की बाकी दोन तिच्यात कालवल्याशिवाय राहवत नाही.

उलटही आहे. गावाला कळत नाही म्हणून खंत करणारे मालक आहेत, पण 'डोक्यावरून गेलं' हे वाक्य कधीकधी सोयीचं असतं. प्रचार केला नाही, पोस्टर एकच लावलं, आणि दोष गावाला. 'राग कोणावर: गाव' या नोंदी मी जरा संशयानंच वाचतो.

१९ जुलै, शनिवार

राज्यांच्या संक्षिप्त रूपांचा घोळ निस्तरला. मिझुरी, मोंटाना, मिसिसिपी आणि मिशिगन. गावाची नावं जुन्या टपाल यादीशी ताडली.

२ ऑगस्ट, शनिवार

मालकांना आवडलेले चित्रपट आज अस्तित्वात आहेत का, हे ताडायला घेतलं. दिवसभर मनःस्ताप.

लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३मध्ये डेव्हिड पीअर्स यांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत १०,९१९ मूक कथापट प्रदर्शित झाले. त्यातले १,५७५, म्हणजे १४ टक्के, मूळ स्वरूपात ३५ मिमीवर पूर्ण शिल्लक आहेत. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण परदेशी आवृत्तीत किंवा कमी प्रतीच्या फिल्मवर.

हा मार सगळ्यांना सारखा बसलेला नाही. टॉम मिक्सचे १९२०च्या दशकातले बहुतेक चित्रपट फॉक्स कंपनीचे. फॉक्सचं न्यू जर्सीतल्या लिटल फेरीचं फिल्मगोदाम ९ जुलै १९३७ला पेटलं, आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा जवळजवळ सगळा साठा गेला. हूट गिब्सन युनिव्हर्सलचा. युनिव्हर्सलनं उरलेले मूकपट १९४८मध्ये आपल्या हातानं नष्ट केले. फ्रेड थॉमसनचे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हणजे ज्यांच्यावर छोटी थिएटरं जगली तेच सर्वात जास्त गेले, कारण त्यांना जपण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही, मालकांनासुद्धा नाही. शनिवारचा माल शनिवारी विकला, संपलं.

तक्त्यात अशा चित्रपटांच्या ओळीच्या ओळी आहेत ज्यांच्याबद्दल नेब्रास्का, आयडाहो आणि टेक्सास तिघांचं मत मला माहीत आहे, आणि चित्रपट कुणीच बघू शकत नाही. या ओळींना राखाडी रंग दिला. तक्ता बराचसा राखाडी झाला.

१० ऑगस्ट, रविवार

सोसायटीतल्या प्राध्यापक बाईंनी विचारलं की आपल्याकडे असं काही होतं का. साप्ताहिकातलं सदर माझ्या बघण्यात नाही. पण थिएटरवाल्यांना सरकारनं बसवून विचारलं होतं. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८मध्ये इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या, उत्तरं आली ३२०. मग ठिकठिकाणी बैठका घेऊन ३५३ साक्षीदार तपासले. थिएटरमालक, वितरक, निर्माते, सेन्सॉर, संपादक. दादासाहेब फाळक्यांनीही साक्ष दिली. साक्षींचे खंड स्कॅन झालेले आहेत.

त्यांतही गठ्ठ्यानं चित्रपट गळ्यात मारण्याची तक्रार येते, इथे रोख वितरण आणि थिएटरं दोन्ही हातात असलेल्या मादन कंपनीकडे. पण आवडीचा निकाल नेब्रास्काच्या अगदी उलटा. कमिटीच्या अहवालानुसार हिंदुस्थानात सर्वात लोकप्रिय ठरलेला परदेशी चित्रपट म्हणजे डग्लस फेअरबँक्सचा १९२४चा 'द थीफ ऑफ बगदाद'. पेहरावपट, लांब, राजवाडे, उडता गालिचा. 'पेहरावपट चालत नाही' हा नियम मैदानी राज्यांतल्या मालकांनी सृष्टीनियमासारखा मांडला होता. तो निघाला त्यांच्या गावापुरता.

दोन्ही कागदपत्रांत फरक मोठा आहे. आपला मालक साहेबासमोर बसून बोलतोय, लायसन त्याच्या डोक्यात आहे. तिकडचा मालक आपल्यासारख्याच दुसऱ्याला लिहितोय. साक्षींचा तक्ता वेगळा करायचा, यात मिसळायचा नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

या नोंदींत कोण नाही, त्याची टिपणी कार्यक्रमाच्या पुस्तिकेत घालायची आहे म्हणून इथे जमवतोय.

लिहिणारे तेच तेच. नेब्रास्कातल्या नीली गावच्या ऑडिटोरियम थिएटरचे जे. सी. जेंकिन्स, आयडाहोतल्या सॅमनच्या रेक्स थिएटरचे फिलिप रँड. यांची नावं इतकी येतात की ओळखीची वाटायला लागतात. जेंकिन्स तर पुढे हेरल्डचेच फिरते स्तंभलेखक झाले, मोटार घेऊन गावोगावच्या थिएटरवाल्यांना भेटत हिंडले. ज्यांना लिहायची हौस त्यांचं गाव इतिहासात आलं, बाकीच्यांचं नाही. काही सह्या बायकांच्या आहेत, थोड्या, पण आहेत, आणि त्यांच्या नोंदी हिशेबाला जास्त चोख वाटल्या. पोटमाळ्यावरच्या वेगळ्या गॅलरीत बसवलेल्या काळ्या प्रेक्षकांचं मत दक्षिणेतल्या मालकांच्या अपीलच्या टक्क्यात धरलं होतं की नाही, ते कुठल्याच नोंदीवरून कळत नाही. गल्ल्यात मात्र त्यांचे सेंट धरलेले असणारच.

शेवटाकडे, १९२८ ते ३०च्या अंकांत, सूर बदलतो. ध्वनियंत्र घ्यायचं तर काही हजार डॉलर, आणि चित्रपटाच्या भाड्यावर ध्वनीचे पैसे वेगळे. ज्यांना ते झेपत नव्हतं त्यांना बोलपटांच्या मूक आवृत्त्या मिळत. बोलण्यासाठी बेतलेला प्रसंग संवादाच्या लिखित पाट्या लावून दाखवायचा. त्यांच्या नोंदी चिडक्या आणि छोट्या होत जातात, आणि मग काही नावं यायचीच बंद होतात.

गणपतीत काम बंद.

१४ सप्टेंबर, रविवार

कार्यक्रम ठरवायची बैठक. बाईंना 'कॅलिगरी' हवा होता. तो कुणी पाहिला नाही असं नाही, पण मूकपट म्हटला की तोच, अशी सवय झाली आहे. मी नकार दिला. या कामाचा हेतूच वेगळा आहे. टॉम मिक्सचा १९२२चा 'स्काय हाय' शिल्लक आहे, ग्रँड कॅन्यनमध्ये चित्रित झालेला, पण त्यातलं चिनी स्थलांतरितांचं चित्रण आज समजावून सांगितल्याशिवाय दाखवणं बरं नव्हे, आणि समजावत बसलो की मालकांचा शनिवार राहिला बाजूला.

शेवटी १९२५चा रिनटिनटिनचा 'क्लॅश ऑफ द वुल्व्ह्ज'. तो वाचला तोही परदेशात गेलेल्या प्रिंटमुळे. ती दक्षिण आफ्रिकेत सापडली. कुत्रा लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या, डोक्यावर इनाम, पायात निवडुंगाचा काटा. आणि एका प्रसंगात त्याला ओळखू येऊ नये म्हणून चक्क खोटी दाढी आणि चार पायांत बूट घालतात. काका हे ऐकून म्हणाले, "हा लागणार."

आधी कीटनचा 'वन वीक', दोन रिळांचा. काकांच्या मते आधी छोटा हवाच: "उशिरा येणारे येऊन बसेपर्यंत पडद्यावर काहीतरी पाहिजे, आणि लवकर आलेल्यांचे पैसे वसूल होत असले पाहिजेत." नोंदींमधल्या मालकांचा रिवाजही हाच: आधी विनोदी किंवा बातमीपट, मग मुख्य चित्रपट. पेटी आणि तबला वाजवणारे दोघे तयार आहेत, त्यांना चित्रफीत दिली. पेटीवाल्यानं बजावलंय की कुत्र्याच्या प्रसंगात पब्लिक हसणार असेल तर आधी सांगा, म्हणजे हात उचलतो.

पाट्यांचं मराठी मी वाचून दाखवायचं की खाली लिहून दाखवायचं, यावर बराच वेळ गेला. वाचूनच.

प्रवेश फुकट ठेवावा असं सगळ्यांचं मत होतं. काका एकटेच अडून बसले. फुकट आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो आणि जाताना छान होतं म्हणतो, त्यावरून काय कळणार? तिकीट लावा, कितीही लावा. मग मी दारात उभा राहतो, मला सांगता येईल. २० रुपये ठरलं. पावतीपुस्तक सोसायटीकडे आहे की नवीन छापायचं ते उद्या बघायचं. वार शनिवारच.